खर्ड्याच्या माळावरचे बाण

दिवाळीत रिकाम्या बाटलीत उभा करून उडवतात तो फटाका. दुकानात त्याच्या पुडक्यावर ‘रॉकेट’ असं छापलेलं असतं, पण मराठी घरांतली जुनी माणसं त्याला ‘बाण’च म्हणतात. हा शब्द फटाक्यांच्या दुकानातला नाही, फौजेतला आहे. मराठ्यांच्या लष्करात घोडेस्वार आणि गोलंदाज असत, तसे ‘बाणदार’ही असत. त्यांच्या बाणाला धनुष्य लागत नसे. दारू ठासलेली एक नळी, तिला बांधलेली लांब काठी आणि मागे वात, एवढाच त्याचा संसार. वात पेटली की नळी काठीसकट फुत्कारत निघायची.

नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, हे बाण नवे नव्हते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मोगलांना जेरीस आणत होता तेव्हाच्या फारसी नोंदींतही दख्खनी फौजेच्या बाणांचा उल्लेख येतो. पण त्यांचा सर्वांत गाजलेला मारा झाला तो ११ मार्च १७९५ रोजी, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याजवळ.

भांडण चौथाईच्या थकबाकीचं होतं. हैदराबादचा निजामअली बिदरहून निघाला आणि मोहरी घाट उतरून परांड्याच्या रोखाने चालला. समोर पेशव्यांची फौज होती. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे मराठे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र आले होते. ते तसे पुन्हा कधी आले नाहीत. पेशवे सवाई माधवराव, कारभारी नाना फडणवीस आणि सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. दोन्हीकडची मिळून दोन लाखांहून जास्त माणसं त्या माळावर होती असं म्हणतात.

निजामाचे घोडेस्वार चालून आले, तेव्हा दोन गोष्टी एकदम घडल्या. शिंद्यांचा फ्रेंच अधिकारी पेराँ याने एका उंचवट्यावर ३५ तोफा मांडल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्याच वेळी रघूजी भोसल्यांच्या माणसांनी बाणांचा पाऊस पाडला. तोफेचा गोळा दिसत नाही, तो येऊन आदळल्यावरच कळतो. बाण मात्र दिसतो. तो धूर ओढत, किंचाळत येतो, कुठे वळेल ते उडवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि जमिनीवर पडला तरी सापासारखा वळवळत घोड्यांच्या पायांत शिरतो. माणूस एक वेळ उभा राहील, घोडा कसा राहणार? निजामाचं घोडदळ उधळलं. त्याची फ्रेंच अधिकारी रेमाँच्या हाताखालची कवायती पलटण तेवढी जागेवर उभी राहिली होती, तिलाही मागे फिरायचा हुकूम सुटला.

त्या रात्री तर कमालच झाली. घोड्यांना पाणी पाजायला ओढा शोधत निघालेली मराठ्यांची एक लहानशी तुकडी चुकून निजामाच्या लोकांसमोर आली. कुणीतरी गोळी झाडली, तिला शेजारच्याने साथ दिली आणि बघता बघता अख्खी छावणी अंधारात गोळीबार करत सुटली. निजामाने खर्ड्याचा किल्ला गाठला. दोन दिवस त्यावर तोफा चालल्या. मग तह झाला. त्यात दौलताबादसह बराच मुलूख आणि तीन कोटी रुपये निजामाने कबूल केले, शिवाय त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन केला.

शाळेच्या पुस्तकात खर्ड्याची लढाई मराठ्यांचा शेवटचा मोठा विजय म्हणून येते आणि तिथेच संपते. पण यंत्रांच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याला त्या माळावर दुसरंच काही दिसतं. तिथे तोफ आणि बाण शेजारी शेजारी उभे होते. त्या दिवशी कुणालाही विचारलं असतं की यातलं कोणतं यंत्र पुढे जाईल, तर त्याने तोफेकडेच बोट दाखवलं असतं.

तोफेचा थाटच तसा होता, आणि नगरला तर तो अधिकच ठाऊक होता. ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे ५५ टन वजनाची प्रचंड तोफ १५४९ मध्ये नगरमध्येच ओतली गेली. मुहम्मद बिन हुसेन रूमी हा तिचा कारागीर. पुढे ती खर्ड्याच्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. ती ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असं सांगतात. आजही विजापुरात लोक तिच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढतात. बाणाला हे भाग्य नाही. जळून गेलेल्या नळीशेजारी कोण फोटो काढणार?

तरीही चंद्रावर गेला तो बाणच. असं का, हे समजायला दोघांच्या पोटात डोकावावं लागतं.

तोफेची दारू एका क्षणात जळते. गोळ्याला जो काही धक्का मिळायचा तो नळीच्या आतच मिळतो. तोंडाबाहेर पडल्यावर गोळा फक्त वेग गमावत जातो. पृथ्वीची ओढ कायमची तोडायची तर सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर वेग हवा. एवढा वेग काही मीटर लांबीच्या नळीत मिळवायचा म्हटलं, तर आत बसलेल्या माणसाचा चेंदामेंदा होईल. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत आपली माणसं तोफेतूनच चंद्राकडे धाडली. गोष्ट झकास होती, पण प्रत्यक्षात त्या तिघांचं काही खरं नव्हतं.

बाणाचं तसं नाही. तो आपली दारू बरोबर घेऊन जातो आणि वाटेत जाळत राहतो. तोंड न बांधता सोडलेला फुगा घरभर फिरतो तसंच हे. वायू मागे फेकला जातो, त्याची प्रतिक्रिया म्हणून नळी पुढे ढकलली जाते. धक्का छोटा, पण सतत. आणि दारू जळत जाते तसं ओझंही कमी होत जातं.

त्यातही खरी गंमत दारूच्या घटकांमध्ये आहे. सोरा, गंधक आणि लोणारी कोळसा हे तीन पदार्थ मिळून काळी दारू होते. त्यात सर्वांत जास्त असतो सोरा. साधारण चार भागांतले तीन भाग. गंधक आणि कोळसा जळतात, पण जळायला लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवतो. म्हणजे बाणाला बाहेरच्या हवेची गरजच नाही; तो आपला श्वास सोबत घेऊन निघतो. खर्ड्याच्या बाणदाराला हे रसायनशास्त्र ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण अवकाशात, जिथे हवा नाही तिथे, चालू शकणारं इंजिन त्याच्या खांद्यावर होतं.

मग १७९५ च्या बाणात उणीव कसली होती? तीन गोष्टींची. नळी कच्ची, दारू बेभरवशाची आणि दिशा रामभरोसे.

यातली नळी आधी सुधारली, आणि ती म्हैसूरला. कागदाची किंवा बांबूची नळी आतल्या वायूचा जोर फार सोसत नाही. दारू जरा घट्ट ठासली की फुटते. हैदरअली आणि टिपू यांच्या कारागिरांनी नळी लोखंडी पत्र्याची केली. नळी मजबूत झाली तशी आतला दाब वाढवता आला, दाब वाढला तसा वायू जोरात बाहेर पडू लागला आणि बाण एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ लागला. आजच्या रॉकेटशास्त्राचा निम्मा धडा एवढाच आहे. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातही एक नगर आहे. तिथल्या एका पडक्या विहिरीतून २०१८ मध्ये अशा लोखंडी नळ्यांचे एक हजाराहून जास्त बाण निघाले, गंजलेले पण ओळखता येतील असे.

या बाणांचा मार खाल्लेला एक माणूस पुढे आपल्या नगरलाही आला. १७९९ च्या एप्रिलमध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या एका झाडीत रात्रीच्या अंधारात इंग्रजांची तुकडी शिरली. बंदुका आणि बाण यांच्या माऱ्यात तिची दाणादाण उडाली आणि तिचा कर्नल वाट चुकून कसाबसा परतला. त्याचं नाव आर्थर वेलस्ली. चार वर्षांनी, ८ ऑगस्ट १८०३ रोजी, त्याने शिंद्यांच्या ताब्यातल्या नगरच्या पेठेवर शिड्या लावल्या आणि १२ ऑगस्टला किल्ला घेतला. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. रॉकेट या शस्त्राविषयी मात्र त्याला शेवटपर्यंत फारसं प्रेम वाटलं नाही. झाडीतली ती रात्र त्याला विसरता आली नसावी, असं म्हणायचा मोह होतो.

श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे बाण इंग्लंडला गेले. वुलिचच्या शस्त्रागारात विल्यम काँग्रीव्हने बाणांवर प्रयोग मांडले आणि १८०५ च्या सुमारास स्वतःचं रॉकेट तयार केलं. इंग्रजांनी ते १८०७ मध्ये कोपनहेगनवर आणि १८१४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या किल्ल्यावर सोडलं. अमेरिकेच्या राष्ट्रगीतात रॉकेटचा उल्लेख येतो, तो याच बाल्टिमोरच्या रात्रीचा. काँग्रीव्हचीही काठी मात्र सुटली नव्हती. त्याच्या मोठ्या रॉकेटला साडेचार मीटरची काठी लागे. काठी कशाला? तर देवळाच्या शिखरावरचं फडकं जसं वाऱ्याच्या दिशेत वळतं, तशी मागे राहिलेली लांब काठी नळीचं तोंड पुढे ठेवते. विल्यम हेल या इंग्रजानेच १८४४ मध्ये काठी काढून टाकली. त्याने वायू बाहेर पडतानाच रॉकेटला भोवऱ्यासारखी गिरकी दिली. फिरता भोवरा कलंडत नाही, तसं फिरतं रॉकेटही वाट सोडत नाही.

आणि मग काय झालं? तोफा सुधारल्या. नळीत आटे पाडलेल्या नव्या तोफांचा नेम इतका चोख झाला की सैन्यांनी रॉकेट अडगळीत टाकलं. पन्नासएक वर्षं ते फटाक्यांच्या दुकानात पडून राहिलं. तिथून ते उचललं, ते सेनापतींनी नव्हे, तर शाळामास्तरांनी. रशियातले कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की हे कमी ऐकू येणारे शिक्षक. १९०३ मध्ये त्यांनी गणित मांडून दाखवलं की रॉकेटच अवकाशात जाऊ शकतं. अमेरिकेत प्राध्यापक रॉबर्ट गॉडार्ड यांनी तीच गोष्ट मांडली, तेव्हा १९२० मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने त्यांची खिल्ली उडवली. पोकळीत ढकलायला हवाच नाही, तर रॉकेट पुढे जाईल कसं, असा त्या वर्तमानपत्राचा सवाल होता. फुगा हवेला ढकलून पुढे जात नाही, स्वतःच्या पोटातली हवा मागे टाकून जातो, हे संपादकांना कुणी सांगितलं नसावं. त्या वर्तमानपत्राने चूक कबूल केली ती जुलै १९६९ मध्ये, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्यावर. गॉडार्ड तोवर हयात नव्हते. त्यांनी १६ मार्च १९२६ रोजी पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं पहिलं रॉकेट उडवलं होतं. ते जेमतेम साडेबारा मीटर उंच गेलं आणि कोबीच्या मळ्यात पडलं.

इथे पुन्हा नगर येतं, अगदी अनपेक्षित रीतीने.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते, वल्लभभाई पटेल होते, मौलाना आझाद होते. बाहेरच्या जगाच्या बातम्या सुरुवातीला त्यांच्यापर्यंत पोहोचतही नव्हत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ३ तारखेला जर्मनीत बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेमुंडे इथून ‘व्ही-२’ नावाचं रॉकेट उडालं आणि सुमारे ८४ किलोमीटर उंच गेलं. बाणाची तिसरी उणीव, म्हणजे दिशा, त्याने दूर केली. आतमध्ये सतत फिरणारे भोवरे, म्हणजे जायरोस्कोप, रॉकेट कुठे कलतंय ते ओळखत. आणि ज्वाळेच्या तोंडाशी बसवलेल्या ग्रॅफाइटच्या पट्ट्या त्याला परत वाटेवर आणत. काठी आधीच गेली होती, आता तिच्या जागी सुकाणू आलं.

नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्याच्या पहिल्या पानांतच किल्ल्यावरून दिसणारी चंद्रकोर आहे. त्यांचं लेखन चालू असताना, २० जून १९४४ रोजी, एका व्ही-२ ने सुमारे १७६ किलोमीटरची उंची गाठली. माणसाने बनवलेली वस्तू प्रथमच अवकाशात शिरली ती त्या दिवशी. सप्टेंबरमध्ये तीच रॉकेटं लंडनवर कोसळू लागली. व्ही-२ बनवण्यासाठी छळछावण्यांतले कैदी राबवले गेले आणि त्यांतले हजारो मेले. रॉकेटच्या कौतुकाच्या गोष्टीत हे पान बहुधा गाळलं जातं. ते गाळू नये.

युद्ध संपल्यावर व्ही-२ ची विद्या आणि माणसं रशिया-अमेरिकेने वाटून घेतली. १९५७ मध्ये स्पुटनिक, १९६१ मध्ये गागारिन, १९६९ मध्ये चंद्रावर माणूस. हा भाग सगळ्यांना पाठ आहे.

दरम्यान, नगरच्या किल्ल्यातला कैदी पंतप्रधान झाला होता. १९६२ मध्ये विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली भारताची अवकाश संशोधन समिती नेमली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकी बनावटीचं ‘नायके-अपाची’ होतं. गावातलं चर्चच केंद्राचं कार्यालय झालं होतं. थुंब्याच्या तुकडीतले तरुण अब्दुल कलाम त्याआधी अमेरिकेतल्या वॉलॉप्स केंद्रावर शिकायला गेले, तेव्हा तिथल्या दालनात त्यांना एक चित्र दिसलं. इंग्रजांवर बाण सोडणारे टिपूचे सैनिक. आपल्याकडे विसरलेली गोष्ट परक्यांनी भिंतीवर टांगली होती.

भारताची रॉकेटं पुढे घन इंधनावर वाढली, म्हणजे बाणाच्याच घराण्यात. त्यात एक मराठी माणूस मध्यभागी होता. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर इंग्लंडमध्ये रसायन अभियांत्रिकी शिकले आणि साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ मध्ये थुंब्याला आले. बाणाची दुसरी उणीव, बेभरवशाची दारू, ही त्यांच्या वाट्याची लढाई होती. काळ्या दारूत ठासताना भेग राहिली तर ज्वाळा त्या भेगेत शिरते आणि नळी फुटते. नव्या इंधनात सोऱ्याचं काम अमोनियम परक्लोरेट करतं, कोळशाचं काम ॲल्युमिनियमची भुकटी करते आणि सगळं एका रबरासारख्या पदार्थात मळून नळीत ओततात. ते रबर घट्ट होतं, पण तडकत नाही. गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक असताना, १८ जुलै १९८० रोजी, ‘एसएलव्ही-३’ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. एकावर एक ठेवलेले चार बाणच म्हणा ना.

उरली नळी. ती पाहायला नगरकरांना फार लांब जायला नको. जिल्ह्याची हद्द ओलांडून इंदापूर तालुक्यात गेलं की पुरे. साखर कारखान्याभोवती वसलेल्या वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रं आणि बॉयलर बनत आले. बॉयलर म्हणजे आतल्या वाफेचा दाब सोसणारं भांडं. रॉकेटचं नळकांडंही तेच काम करतं, फक्त कितीतरी पट अवघड. म्हणून उसाच्या पट्ट्यातल्या या कारखान्याकडे इस्रोचं काम आलं, यात तसं नवल नाही. ‘एलव्हीएम-३’ यानाच्या दोन बाजूंना जे घन इंधनाचे ‘एस-२००’ बसवतात, त्यांच्या खास पोलादाच्या नळकांड्यांचे भाग तिथे बनले आहेत. एकेका एस-२०० चा व्यास ३.२ मीटर, लांबी पंचवीस मीटरच्या आसपास आणि पोटात सुमारे २०५ टन इंधन. ‘मलिक-ए-मैदान’सारख्या जवळपास चार तोफांचं वजन. ते सव्वादोन मिनिटांच्या आत जळून जातं.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून निघालं, तेव्हा त्याला जमिनीवरून उचललं ते ‘एलव्हीएम-३’ च्या या दोन एस-२०० नीच. मधलं द्रव इंधनाचं इंजिन पेटलं ते यान वर गेल्यावर, जवळपास पावणेदोन मिनिटांनी. ज्वाळेचं तोंडच थोडं इकडेतिकडे वळवून हे बाण दिशा राखतात. काठीही नाही आणि ग्रॅफाइटच्या पट्ट्याही नाहीत. २३ ऑगस्टला यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं.

तोफ आणि बाण यांची खर्ड्याला सुरू झालेली शर्यत मात्र नगर जिल्ह्यात अजून चालू आहे. नगर शहराबाहेर खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखलं जाणारं सैन्याचं मैदान आहे. सगळे त्याला ‘के. के. रेंज’ म्हणतात. तिथे २२ सप्टेंबर २०२० रोजी ‘अर्जुन’ रणगाड्याच्या १२० मिलिमीटरच्या तोफेतून गोळ्याऐवजी एक क्षेपणास्त्र सोडण्यात आलं. लेझरच्या खुणेचा माग काढत ते तीन किलोमीटरवरच्या लक्ष्यावर जाऊन आदळलं. ते बनवण्यात पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळांचा मोठा वाटा होता. नळी तोफेची होती, उडाला तो बाण.